दुसरी झुंबरबाई

कोल्हापुरात एक सूतगिरणी होती. तिचं नाव घेऊन आता काय करायचंय? भोंगा बंद पडला, गिरणी गेली, नाव राहिलं काय आणि गेलं काय. पण तिच्या चाळीत एक झुंबरबाई राहायची, तिचं सांगायचंय.

नळावर कुणी घागर पुढं सरकवली की कमरेवर हात देऊन आडवी उभी राहायची ती झुंबरबाई. कुणाचं पोर तापानं फणफणलं की न बोलावता पेजेचं पातेलं घेऊन दारात यायची तीच झुंबरबाई. तोंडाची फटकळ, हाताची सढळ. चाळीतल्या बायका म्हणायच्या, तिच्याशी भांडायचं तर पंचमी झाल्यावर भांडावं, आधी नको. पंचमीला फेर धरायचा तर तिच्यासारखा गळा दुसऱ्या कुणाला नव्हता.

आणि ही बाई मुळात झुंबरबाई नव्हतीच.

कागलच्या पलीकडच्या एका खेड्यात ती जन्मली तेव्हा तिचं नाव बना ठेवलं होतं. विशीपर्यंत बना होती. मग पासष्ट साली तिचं लग्न ठरलं ते बिजवराशी. नवरा गुंडू तोडकर, गिरणीत कामाला. त्याची पहिली बायको झुंबर आदल्या वर्षी विषमज्वरानं गिरणीच्याच दवाखान्यात गेली होती. मागं चार वर्षांचा बंडू ठेवून. पोर दिवसभर उंबऱ्यात बसायचं आणि आई कुठं गेली म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं. सासू धोंडुबाई मोठी खमकी. तिनं सांगून टाकलं, या घरातली झुंबर गेलीच न्हाय असं झालं पायजे. त्यांच्यात रीतच होती तशी. दुसरीनं पहिलीचं नाव घ्यायचं आणि पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा.

टाक म्हणजे रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. हुपरीच्या कारागिराकडून तो करून आणला होता. अक्षता पडल्या, टाक गळ्यात आला आणि बना संपली. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला पहिला घास टाकाला. भाद्रपदात अविधवा नवमीला मेलेल्या झुंबरबाईच्या नावानं सवाष्ण जेवायला घालायची, आणि स्वयंपाक करायचा तो जित्या झुंबरबाईनं.

लग्न तिच्या गावच्या देवळात उरकलं. पाच-सात माणसं. बंडूला नेलं नव्हतं. बापाच्या अक्षता लेकरानं बघू नयेत म्हणतात, म्हणून त्याला शेजारच्या खैरुनबीच्या घरात ठेवलं होतं. संध्याकाळी नवी नवरी घरात आली तेव्हा पोर तिच्या तोंडाकडं बघून मागं सरकलं. आठ दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. शेवटी तिनंच युक्ती काढली. गळ्यातला टाक सोडून ताटापुढं ठेवला आणि म्हणाली, ही तुझी आई हाय बघ, ती भरवतीया, खा. पोरानं टाकाकडं बघत बघत भाकरी संपवली. त्या दिवसापासनं तिचं लेकरू झालं ते.

पहिल्या वर्षी एकदा ती आणि गुंडू रंकाळ्यावर बसली होती. आसपास कुणी नाही असं बघून तिनं नवऱ्याला म्हटलं, एकदा तरी बना म्हणून हाक मारा की. गुंडू माणूस वाईट नव्हता, पण त्याला नाजूक काही कळायचं नाही. तो हसला.

"बरंच झालं की गं. नाव तेच, कागद तोच. हापिसात एक अक्षर बदलायला लागलं न्हाय बघ."

आणि खरोखरच त्यानं काही बदललं नाही. गिरणीत त्याच्या कागदावर बायकोचं नाव होतं झुंबरबाई. ते गेलीचं होतं, आता आलीचं झालं. नव्या बायकोची वर्दी द्यायला नको, साहेबापुढं उभं राहायला नको, अर्धी पाळी बुडवायला नको. इतकी स्वस्त बाब कुणाला मिळते? चाळीत असे आणखी दोघं-तिघं होते. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मला विचाराल तर वाटायला हवं होतं. पण नंतर शहाणपण सगळ्यांनाच येतं.

अडुसष्ट साली तिला मुलगी झाली, नंदिनी. दिवस गेले. सासू गेली. बंडू गिरणीत चिकटला, त्याचं लग्न झालं, सून श्यामला घरात आली आणि एका खोलीत दोन चुली होईनात म्हणून बंडू गंगावेशीकडं भाड्यानं राहायला गेला. नंदिनीला हुपरीला दिली, पैंजण करणाऱ्याच्या घरात. मग गुंडू पंच्याऐंशी साली छातीत कळ येऊन गेला. गिरणीचा नियम असा होता की कामगार मेला तर त्याची विधवा हयात असेपर्यंत खोली तिच्याकडं राहायची. विधवा नसली तर गिरणीत असलेल्या मुलाचा हक्क. झुंबरबाईनं मंगळसूत्र उतरवलं. टाक मात्र गळ्यात तसाच ठेवला. सवत हाय माझी, ती कशाला विधवा हुईल, म्हणायची.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग गिरणीत कॉम्प्युटर आला.

सत्त्याऐंशी साल. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला गारव्याची मशीन, दाराबाहेर चपला काढायच्या. नारळ फोडला तो बाहेर, पाणी उडायला नको म्हणून. कामगारांना घाम पुसायला पंखा नव्हता, पण त्या डब्ब्याला गारवा. आणि जुन्या वह्यांमधलं सगळं त्या डब्ब्यात भरायचं काम आलं नृसिंह कारकुनाच्या गळ्यात.

नृसिंह सरळ माणूस. त्याच्यापुढं जे येऊन पडलं ते बघून कुणाचीही बोबडी वळली असती. हजेरीची वही वेगळी, दवाखान्याची वेगळी, चाळीची वेगळी, आणि प्रत्येकीत नंबर निराळा. एकच माणूस हजेरीत गुंडू, दवाखान्यात गुंडाप्पा आणि चाळीच्या वहीत जी. बी. तोडकर. पुण्याहून शिकवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, आता असं नाही चालायचं. माणूस एकदाच लिहायचा, त्याला एक नंबर द्यायचा. दवाखाना असो की चाळ, बाकी सगळीकडं नुसता तो नंबर. एका माणसाला दोन नंबर पडले की घोटाळा, म्हणून दुबार दिसेल ते एकात मिळवायचं.

नृसिंहनं नियम केला. बाईचं नाव तेच, नवरा तोच, खोली तीच, तर बाई एकच. आता यात काय चुकलं सांगा? तुम्ही-मी तेच केलं असतं. दवाखान्याच्या वहीत झुंबरबाई गुंडू तोडकर, खोली नऊ, मयत चौसष्ट. चाळीच्या वहीत झुंबरबाई गुंडू तोडकर, खोली नऊ. दोन्ही एकात मिळवली. मृत्यूची तारीख एकीला होती, ती दोघींची झाली. जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, त्या रद्दीत गेल्या. डब्ब्यातनं रिकाम्या खोल्यांची यादी निघाली, तीत खोली नऊ होती.

नोटीस दारावर चिकटवली तेव्हा झुंबरबाई जोंधळे पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं. खैरुनबीच्या जावयानं वाचून दाखवली. खोलीत हक्कदार कुणी राहत नसल्यानं ती महिन्याच्या आत रिकामी करावी. झुंबरबाई हसायलाच लागली. हक्कदार न्हाय म्हंजे? मी हाय की हितं बसलेली, असं म्हणून ती सूप ठेवून उठली आणि खैरुनबीला घेऊन तडक हापिसात गेली.

नृसिंहनं डब्बा चालू केला, नंबर टाकला आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं तिला समजावून सांगितलं, मावशी, याच्यात तुम्ही चौसष्ट सालीच वारलाय. तिनं रेशनकार्ड पुढं केलं. त्यानं ते साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, रेशनकार्डावर साखरेसाठी मेलेल्यांची नावं सगळेच ठेवतात. खैरुनबीच्याही कार्डावर तिची सासू अजून होती.

नृसिंहला एक कळून चुकलं होतं. चूक त्याच्या हातची होती, आणि ती त्याच्या हातानं सुधारणार नव्हती. यादी वर, खोल्या वाटणाऱ्या कमिटीकडं गेली होती. दोन बायका वेगळ्या करायच्या तर दुसरीचं काहीतरी निराळं दाखवायला हवं. माहेरचं नाव, जन्माचा दाखला, लग्नाचा कागद, काहीही. त्यानं तिला तसं सांगितलं आणि म्हणाला, तेवढं आणा, बाकीचं मी बघतो.

झाली तिची पायपीट सुरू. कागलच्या गाडीत बसून ती भावाकडं गेली. भाऊ अप्पा तिला घेऊन चावडीवर गेला. जन्माची वही निघाली, त्यांच्या बापाचं नाव निघालं, सालही निघालं. पुढं लिहिलं होतं, एक मुलगी. त्या वेळी पोरींची नावं कोण घालतंय वहीत? लग्न लावणारे गुरव मरून गेले होते. वऱ्हाडातली म्हातारी माणसं गेली होती. उरला होता एकटा अप्पा. पण तो पडला तिच्याच बाजूचा, त्याच्या शब्दाला काय किंमत. ती हात हलवत परत आली.

इकडं नृसिंहला एक गोष्ट सापडली होती. चौसष्ट साली मेलेल्या बाईची अडुसष्ट साली प्रसूती. नंदिनीच्या जन्माची नोंद त्याच नंबरावर येऊन बसली होती, आणि भरताना कुणी बघितलंही नव्हतं. तो पळत साहेबांकडं गेला. साहेबांनाही ते पटलं. म्हणाले, एकतर मृत्यूची तारीख चुकली आहे, नाहीतर बाई दुसरी आहे. यांचा मुलगा आपल्याकडंच आहे ना? त्याला बोलवा. तो सांगेल तसं करू.

झुंबरबाईच्या जिवात जीव आला. बंडू सांगणार म्हणजे मिटलंच की. बंडूनं एवढंच म्हणायचं होतं, ही माझी आई, किंवा ही माझ्या बापाची लग्नाची बायको. यातलं कुठलंही चाललं असतं. ती धपाटी करून, कापडात बांधून गंगावेशीला गेली. बंडूनं खाल्ली. दोन पोरं त्याच्या मांडीवर चढत होती आणि भाड्याच्या खोलीत हातपाय पसरायला जागा नव्हती. श्यामला चुलीपाशी पाठ करून बसली होती. झुंबरबाईनं सगळं सांगितलं. बंडू म्हणाला, बघतो की, आई. तिला तेवढं पुरलं. वाटेत तिनं अंबाबाईच्या देवळाच्या पायरीला हात लावला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलापुढं सगळी उभी राहिली. झुंबरबाई, खैरुनबी, नृसिंह. बंडू पाळीवरनं आला, केसांत कापूस घेऊन. साहेबांनी त्याला सरळ विचारलं.

"ही तुझी आई का?"

बंडूनं तिच्याकडं बघितलं नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "माझी आई मी चार वर्साचा असताना गेली, सायेब. आपल्याच दवाखान्यात."

"मग ही कोण?"

"हिला वडलांनी आणली."

"लग्न करून?"

"मला ठाऊक न्हाय. मी बघितलं न्हाय."

खैरुनबीला राहवलं नाही. बाई मायाळू, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "बघंल कसा ओ सायेब? बापाचं लगीन लेकरानं बघायचं नसतं म्हणून त्या दिशी माझ्या घरात ठेवला हुता. माझ्या हातची खीर खात बसला हुता ह्यो."

साहेबांनी मान हलवली. म्हणजे मुलगा खरं बोलतोय, असं म्हणाले. मग त्यांनी खैरुनबीला विचारलं, तुम्ही तरी होता का लग्नाला? खैरुनबी पोराला सांभाळत होती. ती कशी असेल लग्नाला?

झुंबरबाईला वाटलं, भुई फाटावी आणि आपल्याला आत घ्यावं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. बंडूचा शब्द नि शब्द खरा होता. त्याच खऱ्यानं तिची खोली गेली, आणि खोलीचं राहू द्या, वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याची ती बायको होती की ठेवलेली, हे चारचौघांत अधांतरी लटकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोंब तरी कुणाच्या नावानं मारायची?

साहेबांच्या हुकुमानं नृसिंहनं दोन बायका वेगळ्या केल्या. नवी बाई भरायची तर तिचं कामगाराशी नातं भरावं लागायचं, आणि नात्यांची यादी ठरलेली होती. पत्नी, मुलगा, मुलगी, आई, बाप. झुंबरबाई त्याच्या पाठीमागं उभी होती. तिनं विचारलं, काय लिवलासा? शेवटचं एक नातं यादीत होतं, इतर. त्यानं तेच लिहिलं होतं.

चपला घालायला तो तिच्यामागं बाहेर आला आणि हळूच म्हणाला, मावशी, कोर्टात जाऊ. मी येतो साक्षीला, चूक माझी आहे म्हणून सांगतो. तिच्याही मनात आलं होतं ते. पण बातमीला पाय असतात. चार दिवसांत ती हुपरीला पोचली. नंदिनी एस.टी.नं रडत आली. तिच्या सासूनं विचारलं होतं, तुझ्या आईचं लगीनच झालं नव्हतं म्हणत्यात, मग तू कुणाची? नंदिनी बंडूच्या दारात जाऊन वाटेल ते बोलून आली. आईला मात्र म्हणाली, कोर्टात नको गं जाऊ, तिथं हेच पुन्हा पुन्हा विचारतील आणि मला नांदू द्यायचे न्हाईत. झुंबरबाईनं नृसिंहला नको म्हणून कळवलं. लेकीचा संसार मोडून खोली वाचवायची, असली बाई नव्हती ती.

महिना भरला. नियमानं खोली आता मुलाची, म्हणून बंडू सामान घेऊन आला. श्यामला आली, पोरं आली. बंडू खाली मान घालून म्हणाला, तू कुठं जातीस, राहा की हितंच, खोली आपलीच हाय. आणि तो मनापासून म्हणत होता, त्याच्यावर अन्याय नको. त्याला खोली हवी होती, आई घालवायची नव्हती. एवढं साधं गणित त्याचं. पण ती राहणार होती कोण म्हणून? इतर म्हणून?

तिनं गळ्याच्या मागं हात नेला. काळ्या दोऱ्याची गाठ इतक्या वर्षांत घट्ट बसली होती, सुटेना. शेवटी दातानं तोडली. टाक बंडूच्या हातावर ठेवला.

"ही तुझी आई. संभाळ."

बंडू टाकाकडं बघत उभा राहिला. लहानपणी ताटापुढं बसून बघायचा, तसाच. ती बोचकं घेऊन बाहेर पडली. खैरुनबी नाक्यापर्यंत आली, गाडी येईपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. चार घरं ऐकायला जायची अशी तोंडं दोघींची, आणि त्या दिवशी नुसत्या रस्त्याकडं बघत होत्या.

भावानं तिला ठेवून घेतलं. वाईट वागवलं नाही कुणी. शेणकूट थापायची, म्हशी सोडायची, शेंगा फोडत बसायची. पंचमीला बायकांनी फेर धरायला बोलावलं तर नको म्हणाली. गळ्यावर टाकाच्या दोऱ्याचा पांढरा पट्टा राहिला होता, तिथं अधूनमधून हात जायचा. नृसिंह एकदा कागलला कामासाठी आला तेव्हा वाट वाकडी करून भेटून गेला. चहा घेतला आणि गेला. त्याचाही जीव त्या डब्ब्यात रमेनासा झाला होता म्हणे.

गावात मात्र तिला तिचं नाव परत मिळालं. लहानपणचं ओळखणारे चार म्हातारे होते, भाऊ होता, भावजय होती. सगळी तिला बना म्हणायची. रंकाळ्यावर ज्यासाठी नवऱ्याच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या, ते नाव आता उठताबसता कानावर पडत होतं. बना, पाणी तापलं का. बना, म्हस सुटली बघ. बनावन्सं, जेवायला या.

आणि ती वळून बघायचीच नाही. जिथं बसली असेल तिथं शेंगा फोडत राहायची. भावजय पुढ्यात येऊन, हातवारे करून सांगायची, तेव्हा दचकून उठायची. भावजय बाहेर सांगत सुटली होती की वन्सं चांगल्या हायत, कामाला वाघ हायत, पण कोल्हापुरास्नं आल्या त्या पार बहिऱ्या होऊनच आल्या.